पेंग्विनांच्या गोलात म्होरक्या नसतो

ऊन तापलं की आमच्या जुळे सोलापूरच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो सुरू होतात. यंदा पेंग्विनांची पाळी. मजकूर सगळीकडे फिरतोय तोच: कडाक्याच्या थंडीत पेंग्विनांचं अख्खं कुटुंब गोल करून उभं राहतं. म्हातारे नि पिल्लं मधे, तरणेताठे कडेला. म्होरक्या खूण करतो तशी जागा बदलतात. कडेचे अस्वलांपासून राखण करतात. जोडीदार जन्मभर एकच. आणि शेवटी टोला, ‘पक्ष्यांना एकत्र कुटुंब कळतं, आपल्या पोरांना कधी कळणार?’ निम्म्या घरांतली पोरं पुण्यात नोकरीला, तेव्हा रोख कुणावर ते सांगायला नको.

अस्वलांचं आधी उरकू. पांढरी अस्वलं उत्तर ध्रुवाकडे, हे पेंग्विन दक्षिणेला अंटार्क्टिकावर. गाठच पडत नाही.

आता ‘अख्खं कुटुंब’. फोटोतला पक्षी एम्परर पेंग्विन. मे-जूनमध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पावलांवर सोपवते आणि खाण्यासाठी समुद्राकडे निघून जाते. पुढचे साधारण 64 दिवस नर ते अंडं पोटाखालच्या कातडीच्या घडीत झाकून, उपाशी उभा असतो. चालायचं तेही अंडं पावलांवर तोलत, फरफटत. हिवाळ्यातल्या त्या गोलात बहुतेक सगळे बापच! पिल्लू आई परतण्याआधी बाहेर आलं, तर उपाशी बापच अन्ननलिकेतला घट्ट पांढरट स्राव त्याला भरवतो. हे एवढं खरं सोडून फॉरवर्डवाल्यांना म्होरक्या का लागतो, कोण जाणे.

आणि म्होरक्या नाहीच. अंटार्क्टिकावरच्या नॉयमायर या जर्मन संशोधन केंद्राजवळच्या वसाहतीचं चित्रण करून संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की दर 30 ते 60 सेकंदांनी प्रत्येक पक्षी 5-10 सेंटिमीटर सरकतो आणि ती हालचाल लाटेसारखी अख्ख्या थव्यातून जाते. गड्ड्याच्या यात्रेत रेटा येतो तेव्हा पहिला कोण हलला ते कुणालाच सांगता येत नाही, तसंच हे. वाऱ्याच्या बाजूला गारठलेला पक्षी कडेकडेने चालत आडोशाच्या बाजूला येऊन चिकटतो. मग त्याच्या मागे दुसरे येतात आणि तो आपोआप आत जातो. कॅलिफोर्नियातल्या गणितज्ञांनी 2012 मध्ये याचं गणिती प्रारूप मांडलं. त्यात प्रत्येक पेंग्विन फक्त स्वतःची ऊब बघतो, तरीही थंडीचा वाटा सगळ्यांना जवळपास सारखाच येतो. त्यागही नाही, शिस्तीचा बडगाही नाही.

मधला भाग तर 37 अंशांच्या वर जातो. सोलापूरकराला त्याचं काय म्हणा, पण बर्फावर जगणाऱ्या पक्ष्याला ते सोसत नाही. घट्ट गोल सरासरी दोन तासही टिकत नाही, फुटतो आणि पुन्हा जमतो.

‘पेंग्विन थंडीमुळे एकत्र राहतात’ हेही सरसकट खरं नाही. राणीच्या बागेत 2016 साली आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. आफ्रिकन पेंग्विन दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात घरटी करतात. तेही वसाहतीनेच राहतात, पण कारणं वेगळी: घरट्याला योग्य जागा मोजक्या, आणि गर्दीत शिकाऱ्याच्या तावडीत आपणच सापडण्याची शक्यता कमी. आफ्रिकन पेंग्विन माशांचा थवा मिळून घेरतात तेव्हा त्यांना शिकार जास्त मिळते, हे त्यांच्या पाठीवर कॅमेरे लावून पाहिलंय. उलट न्यूझीलंडचा पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन शेजाऱ्याच्या नजरेआड, झाडोऱ्यात घरटं करतो.

जन्मभराची जोडी? एम्परर पेंग्विनांत दर हंगामाला सुमारे 85 टक्के पक्षी जोडीदार बदलतात. घरटं नसतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा जोडीदार भेटायची ठरलेली जागा नाही, आणि वाट बघायला सवडही नाही.

राहिलं एकत्र कुटुंब. पिल्लं थोडी मोठी झाली की घोळक्याने राहतात, पण आई-बाप हजारोंच्या गलक्यात आवाजावरून फक्त आपलं पिल्लू ओळखून त्यालाच भरवतात. चुलत्याचं, मावशीचं कुणी बघत नाही. पाचेक महिन्यांची झाली की भरवणं बंद. डिसेंबरच्या सुमारास पिल्लं आपली आपण समुद्राकडे निघतात, सोबतीला आई-बाप नसतात. पुन्हा वसाहतीत दिसतात ती काही वर्षांनी, स्वतःचा जोडीदार शोधायला.