आशियाची एक जागा आणि खान्देशची एक जागा

"मॅडम, ऑलिम्पिकमा आपला नंबर कव्हय लागी?"

नववीतल्या एका पोरीने सराव संपल्यावर विचारलं. सकाळचे सात वाजले होते, सगळ्यांच्या कोपरांना काळी माती लागलेली. आदल्या रात्री कुणाच्या तरी मोबाईलवर तिने पॅरिस ऑलिम्पिकची महिलांच्या रग्बी सेव्हन्सची फायनल पाहिली होती, न्यूझीलंड 19, कॅनडा 12. तेव्हापासून डोक्यात हेच. मी फक्कीचा डबा घेतला आणि मैदानावरच बारा चौकोन आखले. त्या बारा चौकोनांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमची शाळा चोपड्याजवळ, तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात. मी स्वतः खो-खो खेळलेली. रग्बी चार वर्षांपूर्वी पोरींबरोबरच शिकले. एका बाजूला सात जणी, सात मिनिटांचे दोन डाव, आणि मैदान मात्र पंधरा जणींच्या रग्बीएवढंच. शंभर मीटर लांब मैदानात सात जणी म्हणजे पळायला मोकळं रान, आणि पळणं आमच्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही. टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडणं, ते शिकवायला गाद्या नाहीत म्हणून केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर टाकतो. एका पोरीचे बाबा पहिल्या दिवशी ते बघून म्हणाले, "पोरना हात मोडना तं कोन जबाबदार?" रास्त प्रश्न होता. मी त्यांना रोज सरावाला येऊन बसायला सांगितलं. आता चेंडू आणायला तेच धावतात.

तर बारा चौकोन. ऑलिम्पिकला महिलांचे बाराच संघ खेळतात. पॅरिस 2024 चं गणित असं होतं: एक जागा यजमान फ्रान्सला. चार जागा 2022-23 च्या जागतिक मालिकेतून, त्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि आयर्लंडने घेतल्या. मग सहा खंडांना प्रत्येकी एक: आशियातून जपान, आफ्रिकेतून दक्षिण आफ्रिका, युरोपातून ग्रेट ब्रिटन, ओशनियातून फिजी, उत्तर अमेरिकेतून कॅनडा, दक्षिण अमेरिकेतून ब्राझील. शेवटची बारावी जागा ज्यांची हुकली त्यांच्यासाठी. प्रत्येक खंडातले मागे राहिलेले दोन-दोन संघ जून 2024 मध्ये मोनॅकोत एकमेकांशी भिडले आणि तिथून चीन आत आला.

यावर एक आक्षेप मी कायम ऐकते. खंडांना जागा कशाला? सरळ जगातले पहिले बारा घ्या, गुणवत्तेवर होऊ द्या. ऐकायला बरं वाटतं. पण कॅनडाचं बघा. मालिकेतून त्यांची जागा हुकली होती. खंडाच्या स्पर्धेतून त्या पॅरिसला गेल्या आणि रौप्यपदक घेऊन परतल्या. चीन सगळ्यात शेवटच्या दारातून आत आला आणि उपांत्यपूर्व फेरीत पोचला. म्हणजे खंडाची जागा ही दया नाही. वर्षभराच्या मालिकेत मागे पडलेला संघसुद्धा नेमक्या वेळी उत्तम खेळू शकतो, आणि ते दाखवायला त्याला दार लागतं. शिवाय ती जागा नसती तर ब्राझीलमधल्या, दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या पोरीने कुठल्या आशेवर चेंडू हातात घेतला असता?

आता जागतिक मालिकेची वरची श्रेणी बारा संघांवरून आठवर आणली आहे. खाली दुसरी श्रेणी सहा संघांची, तिसरी आठ संघांची, आणि खंडाच्या स्पर्धेतून आलेल्या संघाला आधी तिसरीत उभं राहावं लागतं. खर्चाचा हिशेब मला कळतो, तरी हे मला पटलेलं नाही. शिडी लांब झाली की खालच्यालाच जास्त दमछाक होते.

आपण या शिडीवर कुठे आहोत? आशियात चीन आणि जपान आपल्यापेक्षा फार पुढे आहेत. हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या मुली उतरल्या, पण पदकं चीन, जपान आणि हाँगकाँगने नेली. आपण आशियाच्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत, सेव्हन्स ट्रॉफीत झुंजतो. 2024 मध्ये काठमांडूला तिच्या फायनलमध्ये फिलिपिन्सकडून 7-5 ने हरलो. चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण, त्यानंतरच्या किकचे दोन. म्हणजे ट्राय दोन्हीकडे एकेकच झाला, त्यांची किक खांबांमधून गेली आणि आपली नाही. हे मी पोरींना सांगितलं त्या दिवसापासून सराव संपल्यावर प्रत्येकीच्या दहा ड्रॉप किक, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारायच्या किक, झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. आणि 2019 मध्ये पंधरा जणींच्या रग्बीत भारताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना जिंकला तो सिंगापूरविरुद्ध, 21-19. तिथेही दोनच गुण. ऑगस्ट 2025 मध्ये बिहारच्या राजगीरला वीस वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्स स्पर्धेत आपल्या मुलींनी कांस्य घेतलं. अंतर मोठं आहे, पण ते कमी होतंय.

कमी कोण करतंय, तेही बघा. भारताकडून खेळलेली स्वीटी कुमारी बिहारची. सुमित्रा नायक ओडिशाची, भुवनेश्वरला आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत शिकलेली. महाराष्ट्राने पुण्याची वाहबिज भरूचा दिली, ती भारताची कर्णधार झाली, तिचा अभिमान आहेच. पण धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या आश्रमशाळा बघताना मला ओडिशाच आठवतं. तिथल्या पावरा आणि भिल्ल पोरी सातपुड्याचे चढ रोज चढतात. एकदा त्यांच्या हातात चेंडू देऊन बघा.

मला खरं सांगायचंय ते हे. आशियाला हक्काची एक जागा मिळते तशी आपल्या राज्याच्या निवडीत खान्देशला का मिळू नये? संघात आयती जागा नको. निवड चाचणीत जागा हवी, आणि चाचणी आमच्या दारात हवी. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एक चाचणी इथेच घ्या, त्यातून निवडलेल्या पोरींना पुढच्या शिबिरात नक्की बोलवा, पुढे त्यांचं त्या बघतील. मागच्या वर्षी चाचणीचा निरोप मला रात्री साडेनऊला आला, चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ठिकाण तीनशे किलोमीटरवर. रात्रीच्या एसटीने चार पोरींना घेऊन निघाले. एकीचे आईवडील कापूस वेचायला बाहेरगावी गेले होते, त्यांची परवानगी मिळाली नाही म्हणून ती थांबली. आमच्यात सगळ्यात वेगवान तीच. पोचलो तेव्हा नावनोंदणी बंद झाली होती. पोरी परतीच्या प्रवासात एक शब्द बोलल्या नाहीत. गुणवत्तेवर होऊ द्या म्हणणाऱ्यांना मी हे सांगते, की त्या दिवशी आमच्या पोरींची गुणवत्ता कुणी बघितलीच नाही.

लॉस एंजेलिस 2028 लाही बाराच संघ असतील. आमच्यातली कुणी तिथे दिसेल असं मी पोरींना सांगत नाही, खोटी आशा दाखवायची नाही. पण ज्या पोरीने प्रश्न विचारला ती आज चौदा वर्षांची आहे. त्याच्या पुढच्या, 2032 च्या ऑलिम्पिकला ती वीस-एकवीस वर्षांची असेल. तिने फक्कीच्या बारा चौकोनांतल्या आशियाच्या चौकोनात उभं राहून बघितलं, मग दप्तर उचलून वर्गात गेली.

शिरपूर, शहादा, साक्री, अमळनेर, जिथे कुठे कुणी मुलींना हा खेळ शिकवत असेल त्या सर-मॅडमनी खाली लिहा. दिवाळीनंतर एक दिवस आमच्याकडे जमू आणि सामने खेळू. तिन्ही जिल्ह्यांच्या संघांची यादी हातात असेल तर चाचणी मागायला जाताना माझ्या एकटीचं पत्र नसेल. मैदान आमचं, दुपारची कळण्याची भाकरी आणि भरीत पोरींच्या आयांनी कबूल केलंय. येताना चेंडू आणा, आमच्याकडे दोनच आहेत आणि त्यातल्या एकात हवा टिकत नाही.