सीपीयूचा कूलर, खिडकीतला कूलर

सीपीयू म्हणजे खरं तर कॉम्प्युटरच्या आतला प्रोसेसर. पण आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात, त्यामुळे दुखणं कुठलंही असो, निदान एकच : 'सीपीयू गेला.' नागपुरात पंचाईत दुहेरी. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्यालाही कूलरच म्हणतात, आणि 'कूलर साफ करा' म्हटलं की घरातला कर्ता माणूस बादली घेऊन खिडकीकडे निघतो.

रुग्णाची माहिती अशी. २०१३ सालचा इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, त्याच काळचा एच-८१चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून खाली उतरावं, तर्री-पोहे खावे, वरून चहा घ्यावा, परत यावं. पडद्यावर अजून गोल गोल फिरणंच चालू. आता यात पैसे घालायचे की नाही, यावर प्रत्येकाचं मत तयार. बर्डीवरचा, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातला, दुकानदार म्हणतो, "काहून जुन्यात पैसा घालून राहिले भाऊ? नवीनच घ्या न." भाचा म्हणतो, "मामा, ग्राफिक कार्ड टाकू." घरचं मंडळ म्हणतं, "चालते न अजून? मग?"

भाच्याचं आधी निपटवू. त्याला गेम खेळायचे आहेत, ते दुखणं वेगळं. शिवाय कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डबीवर) '४५० वॉट' हे स्टिकरनं म्हटलेलं असतं, एसएमपीएसनं नाही. जरा दमदार कार्डाला लागणारी सहा पिनांची वायर त्यात बहुधा नसतेच.

मी मत देण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्क्यांवर पेंगतोय आणि डिस्क १०० टक्क्यांवर धापा टाकतेय, तर प्रोसेसरला शिव्या देण्यात अर्थ नाही. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. त्यात वाचणारं डोकं इकडून तिकडे पळणार. विखुरलेल्या बारक्या फायली असतील तर सेकंदाला जेमतेम शंभरेक जागा वाचून होतात, आणि सुरू होताना विंडोज हजारो मागते. एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारं काहीच नसल्यानं हे काम चुटकीसरशी होतं. डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम पिवळा पडून 'कॉशन' म्हणत असेल, तर मात्र चर्चा थांबवा आणि आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

एसएसडी घ्यायची ती अडीच इंची, साटा वायरची. थेट बोर्डात खोचायची एम-डॉट-टूची पट्टी दिसायला देखणी, पण असल्या बोर्डांवर बहुधा तिला खाचच नसते. एच-८१वरच्या चार साटा पोर्टांपैकी (डिस्कची वायर लावायच्या जागांपैकी) दोनच सेकंदाला ६ गिगाबिटचे, उरलेले निम्म्या वेगाचे. बोर्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, टॉर्च लावून वाचा. एसएमपीएसला वीज देणारी साटाची वायर उरली नसेल तर कन्व्हर्टर मिळतो. प्लास्टिकच्या साच्यात ओतलेला घेऊ नका, त्यात आतल्या आत तारा चिकटून जळतात.

रॅमची गोष्ट जरा नाजूक. आणखी ४ जीबी घातली तर ब्राउझरला श्वास घेता येतो, हे खरं. पण ती डीडीआर-३, म्हणजे जुन्या पिढीची. पुढच्या मशीनमध्ये ती बसणार नाही, तिची खाचच निराळ्या जागी असते. एसएसडी मात्र उद्या नव्या घरी नांदायला जाऊ शकते. म्हणून माझे पैसे आधी एसएसडीवर. रॅम जुनी, स्वस्त आणि चालू स्थितीत मिळाली तरच.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यासाठी प्रोसेसर बदला म्हटलं की बोर्ड आला, बोर्ड आला की रॅम आली. याला अपग्रेड म्हणत नाहीत. जुन्या डब्यात नवा कॉम्प्युटर म्हणतात. बँकेची कामं त्यावरच करायची असतील तर दुकानदाराचं ऐका, यावेळी तो खरं बोलतोय.

आता खरा नागपुरी आजार. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना जो प्रोसेसर ६५वर असतो, तोच मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत ९०वर जातो. त्याचा पंखा खोलीतलीच हवा मारतो, थंडी कुठून आणणार? शंभरीच्या आसपास तो स्वतःच वेग उतरवतो आणि आपण म्हणतो, म्हातारा झाला. त्यात खिडकीतल्या कूलरची ओली हवा. धूळ आणि गवताचे तुकडे मिळून हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या, पात्यांत चक्क नमदा तयार होतो.

तो काढायला पैसे लागत नाहीत, बोट लागतं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, भिंगरी होऊ देऊ नका. मग प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार पिना बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढा. खालचा, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे पोचवणारा पेस्ट चुन्यासारखा वाळलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नवा मुगाच्या दाण्याएवढा ठेवा. पुरणपोळी करायची नाहीये. पिना परत उलट्या फिरवल्याशिवाय दाबल्या तर अडकतच नाहीत, इथेच बहुतेकांचा घात होतो. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन, मग उरलेल्या दोन, असं 'टक्' होईपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर तिरपा बसतो आणि काही मिनिटांत मशीन बंद. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवा. एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट दबा धरून बसलेला असतो.

एवढं झाल्यावर डबा खिडकीतल्या कूलरच्या झोतातून हलवायला हवा. पण खोलीत कामाचे प्लग दोनच, आणि खिडकीपाशी कोण बसणार हे मार्चमध्येच ठरलेलं असतं. हलतो तो कॉम्प्युटर.