गोव्यात ग्रीनहाऊस

गोव्यात ग्रीनहाऊस बांधणं म्हणजे मांडवीत कळशीनं पाणी ओतणं, असं आमचा नवरा म्हणतो, आणि हल्ली पाहुण्यांसमोरही म्हणतो.

सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात झाली. गेले होते मिरच्या आणायला, आणलं एक जांभळं डेंड्रोबियम ऑर्किड. ते एकटं बरं दिसेना म्हणून दुसरं, मग बाल्कनी भरली, मग बाथरूमची खिडकी, मग आंघोळीला जाताना व्हॅन्डाची लोंबती मुळं पडद्यासारखी बाजूला सारून जायची सगळ्यांना सवयच लागली. जगात ऑर्किडच्या २५,००० हून जास्त जाती आहेत असं मी एकदा कौतुकानं सांगितलं, तर नवरा कुंड्या मोजून आला आणि म्हणाला, म्हणजे अजून २४,८६० यायच्यात.

शेवटी गच्चीवर जीआय पाईप उभे केले. थंड देशात लोक ऊब मिळावी म्हणून ग्रीनहाऊस बांधतात, आपल्याला ऊब काय करायचीय! आपलं ऊन अडवायला शेडनेट आणि वर पावसासाठी प्लास्टिक. कारण इथे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पडतो, आणि ते पाणी फॅलेनोप्सिसच्या गाभ्यात साचलं की गाभा कुजतो आणि पान नुसतं हात लावलं तरी निघून येतं. इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं. मग मी फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी फवारायचं यंत्र, घेतला, टायमरसकट, साडेचार हजाराला (घरी अडीच सांगितलंय). सोबत दमटपणा मोजायचं मीटर. पहिल्या दिवशी आत ८८, बाहेर ९१.

सासूबाईंचं माहेर म्हार्दोळ, जाईच्या फुलांचं गाव. त्या फॉगरकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आमच्या जायांक कोणें फॉगर लायलो गो?"

पण खरी गंमत मे महिन्यात. त्यांनी भिण्णांची सोलां, म्हणजे कोकमाची सालं, वाळत घातलेली, आगळाचा (कोकमाच्या रसाचा) दुसरा हात देऊन झालेला, आणि तेवढ्यात आभाळ भरून आलं. घरात एकच जागा अशी जिथे वरून पाणी येत नाही पण उजेड येतो. मी ऑफिसात असताना चार सुपं, पुरुमेंताची (पावसाळ्याच्या साठवणीची) सुंगटां, म्हणजे सुकी कोळंबी, आणि मिरच्या हे सगळं माझ्या रॅकवर सगळ्यात वरती चढलं, आणि बरोबर अकरा वाजता टायमर लागला.

फोन आला तो मी घेतला नाही, मीटिंग होती. घरी आले तर सासूबाई खुर्चीवर उभ्या राहून फॉगरच्या नळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत होत्या, सुंगटांचा वास जिन्यापर्यंत, आणि सुपांतून ठिबकलेला लालभडक रस खालच्या पांढऱ्याशुभ्र फॅलेनोप्सिसवर. मला रडूच आलं, त्या म्हणाल्या, "फुलां परत येतलीं, सोलां ना."

तेव्हापासून टायमरचा प्लग त्यांच्या कपाटात असतो आणि वरचे दोन रॅक त्यांचे. पावसात चादरीही तिथेच वाळतात.

परवा शेजारीण आली, त्या फुलावरचे गुलाबी ठिपके निरखत बसली, ही कुठली हायब्रीड म्हणून. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "घरचीच." आता तिनं पुढच्या पिल्लाचं बुकिंग करून ठेवलंय.