टायर दाखवणाऱ्यासाठी थांबायचं का?

नमस्कार. परदेशात गाडीतून होणाऱ्या चोऱ्यांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचे आक्षेप तीन: परदेशात कारने फिरणाऱ्यांना मी उगाच घाबरवते, ‘टायर बसलाय’ असं सांगणाऱ्यासाठी थांबू नका म्हणणं माणुसकीला धरून नाही, आणि विमा असताना एवढा बाऊ कशाला.

विम्याचं आधी उरकते. भाड्याच्या गाडीचा विमा सहसा गाडीपुरता असतो, आतल्या सामानाचा नाही. प्रवास विम्यात सामान येतं, पण गाडीत उघड्यावर ठेवून गेलेल्या वस्तू बऱ्याच पॉलिसींत वगळलेल्या असतात. आणि पासपोर्ट काही विमा कंपनी परत देत नाही.

आता टायर. स्पेनमध्ये फ्रान्सच्या सीमेवरच्या ला जोंकेराहून बार्सिलोनाकडे येणारा एपी-7 महामार्ग या प्रकारासाठी बदनाम आहे. शेजारून गाडी येते, आतला माणूस हातवारे करून तुमचं मागचं चाक दाखवतो. तुम्ही गाडी कडेला घेता, उतरता. अनेक गाड्यांत चालकाने आतून दार उघडलं की चारही दारांचं लॉक निघतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं. तो तुमच्यासोबत चाकाशी ओणवा होतो, अगदी आपुलकीने बोलतो, आणि त्याचा साथीदार पलीकडचं दार हलकेच उघडून सीटवरची पर्स उचलतो. ना चाकू, ना आरडाओरड. कधीकधी टायर खरंच बसलेला असतो, कारण मागच्या थांब्यावर तुम्ही कॉफी पीत असताना यांनीच तो कापलेला असतो.

यात माणुसकी कुठे आड येते? ज्याला खरंच सांगायचं होतं त्याचं काम सांगून झालं. हात हलवून आभार माना आणि सावकाश पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. युरोपीय संघात नोव्हेंबर 2014 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. डॅशबोर्डवर तो दिवा लागलेला नाही, स्टीअरिंगही एका बाजूला ओढत नाही, तर भर रस्त्यात उतरायची गरज नाही. टायर गेलाच असेल तर थांबावं लागणारच. मग किल्ली खिशात, उतरल्याबरोबर गाडी पुन्हा लॉक, सगळे कठड्यापलीकडे, आणि 112 ला फोन. मदतीला आलेल्या अनोळखी माणसाशी जरूर बोला, पण एकाने नजर गाडीवर ठेवावी.

घाबरवण्याबद्दल. दक्षिण आफ्रिकेत काही चौकांत गाडी हिसकावण्याच्या धोक्याच्या पाट्याच लावलेल्या आहेत. त्या काही पर्यटकांना पळवून लावण्यासाठी नाहीत. तिथले लोक रोज गाडी चालवतात आणि सिग्नल लाल दिसला की लांबूनच वेग कमी करतात, म्हणजे पोहोचेपर्यंत तो हिरवा व्हावा. थांबावं लागलंच तर पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील इतकं अंतर ठेवतात, बाजूने निघून जाता यावं म्हणून. पार्किंगमध्ये रिमोट दाबल्यावर दार हाताने ओढून बघतात, कारण चोर रिमोटचा सिग्नल अडवतात आणि गाडी उघडीच राहते. बॅग डिकीत टाकायची तर निघतानाच. पोहोचल्यावर टाकली की बघणाऱ्याला पत्ताच दिला. या सवयी लागल्या की भीती उलट कमी होते, असं माझं मत आहे.

शस्त्र दिसलं तर मात्र हुशारी नको. हात दिसतील असे ठेवा, गाडी देऊन टाका, मागे मूल असेल तर तेवढं मोठ्याने सांगा.

तुम्ही केप टाऊनला निघालाय असं लिहिलंय. विमानतळावरून शहरात जाताना एन-2 हा महामार्ग सोडू नका, मोबाईलने जवळचा रस्ता सुचवला तरी. 2023 मध्ये नकाशाच्या भरवशावर जवळच्याच न्यांगा वस्तीत शिरलेल्या एका पर्यटकाला गोळी लागली होती. विमान रात्री उतरणार असेल तर भाड्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्या. पोलिसांचा नंबर 10111, मोबाईलवरून 112 ही चालतो.