बाण कुठून निघाला ते सांगाल का?

"रिअॅक्शन पाठ करा, मार्क कुठे जात नाहीत." ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या वर्गात हे ऐकलं की डोकं सणकतं माझं. शेकडो रिअॅक्शन पोरांच्या डोक्यात कोंबायच्या, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं की हा विषयच घोकंपट्टीचा!

प्रोपीन (तीन कार्बनांचा रेणू, त्यात एक दुहेरी बंध) अधिक एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घ्या. नोट्समध्ये काय असतं? उत्तर २-ब्रोमोप्रोपेन, खाली चौकटीत मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, नवा हायड्रोजन तिथेच जातो), चला पुढे. अहो, मार्कोव्हनिकॉव्हने नियम मांडला १८७०च्या सुमारास. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ला. त्याला कारण देता येणं शक्यच नव्हतं. तुम्हाला येतं ना? मग द्या की! दुहेरी बंधातली इलेक्ट्रॉनची जोडी हायड्रोजनकडे जाते, एच-बीआर बंधाची जोडी ब्रोमीन घेऊन जातो. हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर बसला की धनभार मधल्या कार्बनवर येतो, आणि शेजारच्या दोन कार्बनांच्या आधाराने तो तिथे जास्त तग धरतो. मग ब्रोमाइड आपली जोडी घेऊन तिथेच येतं. इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारे तीन वाकडे बाण. फळ्याचा एक कोपरा पुरतो.

आणि पेरॉक्साइड टाकलं की १-ब्रोमोप्रोपेन मिळतं, त्याला म्हणे "अपवाद". कसला अपवाद? इथे आधी ब्रोमीनचा रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू, येऊन टोकाला बसतो, एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर उरतो, कारण तो तिथेच जास्त स्थिर. कारण तेच, फक्त आधी बसणारा बदलला! पण इथे एकेक इलेक्ट्रॉन सरकतो म्हणून बाणाला अर्धंच टोक काढायचं, हे सांगायचे कष्ट कोण घेणार?

सगळ्यात संताप येतो तो एच प्लसमधून, म्हणजे प्रोटॉनमधून, निघालेल्या बाणाचा. फळ्यावर तोच, गाइडमध्येही तोच. प्रोटॉनकडे एकही इलेक्ट्रॉन नाही, तो देणार काय, कप्पाळ? बाण जोडीपासून निघतो, लोन पेअर (बंधात नसलेली जोडी) असो की बंध, आणि इलेक्ट्रॉन जिथे जातात तिथे संपतो. कर्मॅक आणि रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी हे वाकडे बाण १९२२ला छापले. शंभर वर्षं उलटली, आणि अजून ते नक्षी काढल्यासारखे कुठूनही कुठेही काढले जातात.

मग एखादी पोरगी विचारते, अल्कोहोलवर नुसतं सोडियम ब्रोमाइड टाकलं तर काहीच का होत नाही, आम्ल कशाला लागतं? उत्तर येतं, "ते तसंच असतं, लिहून घे." तिचा प्रश्न लाखमोलाचा आहे हो! अल्कोहोलचा ओएच गट हायड्रॉक्साइड होऊन बंधाची जोडी घेऊन सहजी निघत नाही. ऑक्सिजनने आपली जोडी देऊन प्रोटॉन घेतला की तोच गट पाणी होऊन सुटतो. दोन वाक्यं लागतात याला. ती सांगायची नसतील तर निदान त्या पोरीला गप्प तरी बसवू नका.