जिन्याची खुर्ची, आत्या आणि वॉरंटीवरचा तो फॉरवर्ड

आत्याची जिन्याची खुर्ची, म्हणजे रेलवरून माणसाला बसल्या बसल्या जिना चढवणारी-उतरवणारी स्टेअरलिफ्ट, परवा मध्येच थांबली. खाली सहा पायऱ्या, वर सात, आणि मधोमध पट्टा बांधून बसलेली आत्या. शेवटी पट्टा सोडून, कठडा धरून, एकेक पायरी बसत बसत ती खाली आली. पडली नाही, हे नशीब. कारण शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. चार्जरचं बटण बंद होतं.

“मीच करते की रोज रात्री बंद. त्या मेसेजमध्ये लिहिलंय, नाहीतर बॅटरी जाते आणि वॉरंटीही जाते.”

मग तो मेसेज वाचला. ‘स्टेअरलिफ्ट घेणाऱ्यांनो, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत!’ खाली सहा मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि ‘आपल्या ज्येष्ठांसाठी पुढे पाठवा’. लिहिणाऱ्याने आयुष्यात वॉरंटीचा एक कागद तरी उलटून पाहिला असेल का, शंकाच आहे.

चौथा मुद्दा आधी घेते, कारण माणूस पडलाच तर याच्यामुळे पडेल. ‘वापर नसताना चार्जर बंद ठेवा, बॅटरी टिकते, वॉरंटी शाबूत राहते.’ साफ उलटं. आजच्या बहुतेक घरगुती स्टेअरलिफ्ट थेट घरच्या विजेवर चालत नाहीत. बऱ्याच मॉडेलांत खुर्चीखालच्या डब्यात १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या जोडलेल्या असतात आणि मोटर त्या २४ व्होल्टवर चालते. रेलच्या टोकाला खुर्ची नेऊन थांबवली की तिथल्या पट्ट्यांना टेकून ती चार्ज होते. म्हणून तर वीज गेली तरी काही फेऱ्या होतात. खुर्ची मध्येच सोडली तर अनेक मॉडेलं पीं-पीं करत राहतात, ती ‘मला जागेवर ने’ म्हणून. आत्याला त्या आवाजाचाही वैताग यायचा.

हा चार्जर चोवीस तास चालू राहायलाच बनवलेला असतो. बॅटरी भरली की तो करंट स्वतःच कमी करतो. उलट लेड-ॲसिड बॅटरी अर्धी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि मग ती पुरेसा चार्ज धरेनाशी होते. मोबाइलच्या बॅटरीचं शहाणपण इथे चालत नाही. आत्याच्या लिफ्टच्या पुस्तिकेत ‘चार्जर बंद करू नये’ हे चौकटीत छापलंय, आणि वॉरंटीत काय बसत नाही त्या यादीत ‘चार्जिंग न केल्याने निकामी झालेल्या बॅटऱ्या’ स्पष्ट लिहिल्यात. टेक्निशियनने त्या ओळीवर बोट ठेवलं. नव्या बॅटऱ्यांचे आणि त्याच्या फेरीचे पैसे आत्याने भरले. वॉरंटी वाचवायच्या नादात.

पहिला मुद्दा: ‘लाइफटाइम वॉरंटी म्हणजे तुम्ही असेपर्यंत सगळं फुकट.’ लाइफटाइम कुणाचा, हे कागदावरच्या व्याख्येत असतं. तो सहसा पूर्ण लिफ्टचा नसतो, मोटर, गिअरबॉक्स अशा एखाद-दोन भागांचा असतो. तोही पहिल्या खरेदीदारापुरता आणि लिफ्ट पहिल्याच जिन्यावर असेपर्यंत. आत्याच्या कागदावर मोटर-गिअरबॉक्सची मुदत एक, बाकी भागांची दुसरी, मजुरीची तिसरी, बॅटऱ्यांची चौथी. एकाच खुर्चीची चार वयं! मजुरीची मुदत संपली की भाग फुकट मिळतो, बसवणारा फुकट येत नाही. ही मेख बहुतेकांच्या लक्षात पहिलं बिल आल्यावर येते.

दुसरा: ‘इंटरनॅशनल नियमानुसार दहा वर्षांची वॉरंटी द्यावीच लागते.’ कुठला नियम? स्टेअरलिफ्टसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९३८६-२, सन २००० चं. त्याचा विषय त्याच्या नावातच आहे: सुरक्षेचे नियम, मापं आणि कार्यपद्धती. कंपनीने फुकट दुरुस्ती किती वर्षं करावी, हा त्याचा विषयच नाही. अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा तर खास वॉरंटीवरचा आहे. तोही कुणाला वॉरंटी देण्याची सक्ती करत नाही; लेखी दिलीत तर ती ‘फुल’ की ‘लिमिटेड’ ते ठळक लिहा, अटी समजतील अशा मांडा, असं सांगतो. देशोदेशी ग्राहकाला कायद्याने मिळणारे हक्क वेगळे असतात आणि ते कंपनीच्या कागदावर अवलंबून नसतात, पण म्हणून सगळीकडे लागू असा दहा वर्षांचा आकडा कुठून येतो?

तिसरा: ‘वार्षिक सर्व्हिसिंग ही लूट आहे, रेलला शिलाई मशीनचं तेल घरीच लावा.’ बऱ्याच स्टेअरलिफ्टच्या रेलला दाते असतात आणि खुर्चीतलं दातेरी चाक त्यावर चढतं. त्यात भलतं तेल घातलं की धूळ, केस, दोरे चिकटून काळा राप बसतो. शिवाय सर्व्हिसिंग म्हणजे तेलपाणी नव्हे. पाय ठेवायच्या फळीच्या कडेला काही अडकलं तर लिफ्ट थांबते का, वेग वाढला तर सुरक्षा-ब्रेक लागतो का, हे तेव्हा तपासतात. आणि बऱ्याच वॉरंट्यांत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केल्याची नोंद ही अटच असते.

पाचवा, ‘एक्सटेंडेड वॉरंटी घेऊ नका.’ यात तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. कधी तिची वर्षं मूळ वॉरंटीच्या वर्षांतच मोजलेली असतात, कधी बॅटऱ्या त्यातही वगळलेल्या. पण मजुरी आणि बोलावण्याचा खर्च धरलेला असेल तर टेक्निशियनच्या एका फेरीचे पैसे विचारून गुणाकार करावा; सरसकट ‘फसवणूक’ म्हणण्यात अर्थ नाही.

सहावा: ‘सेकंडहँड घेतली तरी वॉरंटी सोबत येते.’ आपोआप येत नाही, वर पहिल्या खरेदीदाराचं सांगितलंच. त्यात वळणाची रेल त्या एका जिन्याच्या मापाने वाकवलेली असते, दुसऱ्या जिन्यावर ती बसणंच मुश्कील.

आत्याने तो मेसेज तीन ग्रुपवर टाकला होता. तिन्हीकडे तिनेच हे टाकायचं, असं ठरलंय. दोन ठिकाणी टाकून झालं. तिसऱ्या ग्रुपवर काल कुणीतरी तोच फॉरवर्ड पुन्हा पाठवलाय, आता त्यात सातवा मुद्दाही आहे.