‘सगळं फुकट आहे, वस्तीतले लोकच दवाखान्यात जात नाहीत’ हे खोटं आहे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ससून, कमला नेहरूसारखी सरकारी रुग्णालयं आहेत, योजना आहेत, सगळं फुकट, वस्तीतले लोकच दुखणं अंगावर काढतात. शिवाय त्यात असंही आहे की रोग जात बघून होत नाही आणि संस्थांची जनजागृती म्हणजे नुसता देखावा. मी पुण्यातल्या जनता वसाहत या झोपडपट्टीत आरोग्याचं काम करते, म्हणून उत्तर देते.

दुखणं अंगावर काढतात, हे खरं. पण का? कचरावेचक मावशी सकाळी सातपासून दुपारपर्यंत घरोघरचा कचरा उचलतात, आणि सरकारी ओपीडीचा केसपेपरही सकाळीच निघतो. आज तपासणी, उद्या रक्ताचा रिपोर्ट, परवा सोनोग्राफी. म्हणजे तीन खाडे, तीन दिवसांची कमाई बुडाली.

आता ‘फुकट’चं बघा. मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तातडीच्या रुग्णाकडून अनामतही मागता येत नाही. गेल्या पावसाळ्यात धाप लागलेल्या एका मावशींना घेऊन मी अशाच एका रुग्णालयात गेले. खिडकीवर उत्तर मिळालं, ‘खाट नाही.’ मावशी लगेच माघारी वळल्या. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, झेरॉक्स सगळं होतं. ती पिशवी कुणी उघडायलाही सांगितली नाही. मी गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या, रुग्णालयातल्याच समाजसेवकांचं टेबल शोधलं आणि ‘मोफत खाटा आज किती रिकाम्या आहेत ते लिहून द्या’ म्हणाले. वीस मिनिटांत खाट मिळाली. मावशींना जागृतीची नाही, सोबतीची गरज होती.

जंतू जात बघत नाही, मान्य. पण पुण्यातल्या बहुतेक कचरावेचक दलित बायका आहेत आणि कचऱ्यातल्या सुया, काचा त्यांच्याच हाताला लागतात. यूएन वूमनच्या 2018 च्या अहवालात भारतातल्या दलित स्त्रियांचं मृत्यूचं सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रियांपेक्षा 14.6 वर्षांनी कमी दिलंय. एवढी तफावत नुसत्या जंतूंमुळे पडत नाही.

राहिला देखाव्याचा आरोप. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच साथीत त्या गेल्या. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेनं त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली आणि त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता महापालिकेला भरायला लावला. याला देखावा म्हणायचं?

आमच्या वस्तीतल्या सात जणी आता पाळीपाळीनं रुग्णांसोबत जातात. त्या मावशीही त्यांच्यात आहेत. मागच्या मंगळवारी शेजारणीला घेऊन गेल्या, तेव्हा खिडकीवर न थांबता थेट समाजसेवकांच्या टेबलाशी गेल्या आणि पिशवीतले कागद एकेक करून समोर मांडले.